मशीन एकदाच इचारतं

उत्तमराव खरात कोणतीही जुनी व्हिडिओ कॅसेट हाती आली की ती प्रथम कानाशी नेऊन हळूच हलवत. आत काही खुळखुळले नाही तरच ती कॅमेऱ्यात जाई. पहिली दोन मिनिटे आवाज बंद ठेवून ते नुसते पाहत आणि पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्रणाची मापे लिहीत : चार बाय तीन, सेकंदाला पंचवीस चित्रे, एकाआड एक ओळी. ती चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवल्यावाचून त्यांनी संगणकावर नवे काम कधी उघडले नाही. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानावर, जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याची त्यांची खोली होती. तिथे मी चार वर्षे दर रविवारी बसलो. आयुष्यभर न्यायालयात नोकरी केली, पण कार्यपद्धतीचा एवढा आदर करणारा माणूस मला तिथेही भेटला नव्हता.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो साक्षीदार शोधत. माझी पत्नी सुमन जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिचे हलते-बोलते चित्र एकाच कॅसेटवर होते. मुलाने नवा हँडीकॅम घेतला तेव्हा शहागडला गोदावरीच्या घाटावर काढलेले, अवघे अकरा मिनिटांचे. शहरातल्या एका स्टुडिओने त्याची जी डीव्हीडी करून दिली, तिच्यात सुमनचा चेहरा थापलेल्या भाकरीसारखा पसरला होता आणि ती चालू लागली की तिच्या कडा दातेरी होऊन फाटत होत्या. मी ते एकदा पाहिले. त्यानंतर तिचा खरा चेहरा आठवायला बसलो तरी तोच आडवा चेहरा समोर येऊ लागला. ज्यांनी माझ्याकडून हे हिरावले त्यांना मी सोडणार नव्हतो. नोटीस दिली, ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आता जाणकाराचा लेखी अभिप्राय तेवढा हवा होता.

उत्तमरावांनी डीव्हीडी पाहिली, कॅसेट पाहिली, चिठ्ठी लिहिली. मग म्हणाले, "साहेब, कॅसेट चौकोनी हाये आन् काम उघडलंय आडव्या मापात. बाईंना दोन्हीकडून ओढून बसवलंय. पर तुम्ही त्यांना काय लिहून दिल्तं?"

"मी लिहून दिले होते, हे तुम्हाला कसे कळले?"

"तुमच्या काखेतली फाईल बघून राह्यलो ना कवाचा."

माझ्या प्रत्येक पत्राची प्रत मी ठेवतो. उत्तमरावांनी ती चष्मा पुसून वाचली आणि कलम तीनवर बोट ठेवले. 'चित्राने टीव्हीचा संपूर्ण पडदा व्यापला पाहिजे. कडेला काळ्या पट्ट्या आढळल्यास काम अपूर्ण समजून कायदेशीर कारवाई करण्यात येईल.'

"मंग त्या माणसानं काय करावं? पट्टी न्हाई ठिवायची म्हणल्यावर चित्र ताणायलाच लागतं. तुमचा हुकूम बराबर पाळला त्यानं. भेलं असंल बिचारं."

मी संतापलो. ग्राहकाला परिणामांची पूर्वकल्पना देणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य आहे, यावर मी बराच वेळ बोललो. तेवढ्यात त्यांनी चहा केला.

"ते बी खरं हाये," कप पुढे करत ते म्हणाले. "इचारायला पाहिजे होतं. मशीनसुद्धा इचारतं, हे बघा."

नवे काम उघडून त्यांनी कॅसेटवरचे चित्रण त्यात ओढले. पडद्यावर एक चौकट उमटली : या चित्रणाप्रमाणे कामाची मापे जुळवून घ्यायची का? खाली हो आणि नाही अशी दोन बटणे. "लोक वाचीत न्हाईत. जल्दीत न्हाई दाबतात. मंग त्या कामात ते पुन्हा तोंड उघडीत न्हाई. मशीन एकदाच इचारतं, साहेब."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून दाढदुखीपासून निवडणुकीपर्यंत कशाच्याही संदर्भात ऐकले. त्या दिवशी त्यांनी 'हो' दाबले आणि दोन काळ्या पट्ट्यांच्या मधोमध सुमन उभी राहिली. बारीक, सरळ, हनुवटीवरचा तीळ जागच्या जागी. पदर सावरत ती घाटाच्या पायऱ्या उतरली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला पाहत म्हणाली, "अहो, या ना माझ्याजवळ. दोघांचं एक होऊ द्या."

चित्राबाहेरून माझा आवाज आला. "थांब जरा. ही पायरी बघ कशी फुटली आहे. अर्जाला फोटो जोडायचा आहे, तो आधी घेऊ दे."

ती थोडी थांबली, हसली आणि नदीकडे वळली. उरलेल्या चित्रणात तिने मला पुन्हा बोलावले नाही. मी कुठेही दिसलो नाही. डीव्हीडी पाहताना तिचा चेहरा बिघडवल्याच्या रागात हे शब्द माझ्या कानांवरून गेले होते.

उत्तमरावांनी चित्रण थांबवले. मग त्यांनी विचारले, "पायरी झाली का दुरुस्त?"

"झाली."

"चांगलं झालं," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आयोगात तक्रार मागे घेत असल्याची पुरसीस दिली. आयुष्यात मागे घेतलेली ती एकमेव तक्रार. स्टुडिओला दिलगिरीचे पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि मी स्मरणपत्र पाठवले नाही.

त्यानंतर रविवार ठरून गेला. ते कामात असत, मी माझ्या तक्रारींच्या पत्रांचे मसुदे वाचून दाखवी. "दुसरा परिच्छेद काढा, साहेब," ते पाठमोरेच सांगत. "तिथं तुम्ही वरडून राह्यले." मी कुरकुरत काढून टाकी, आणि पत्र सुधारलेले असे.

ते मूळचे हसनाबादचे. त्या भागातल्या लग्नांचे चित्रण त्यांनी वर्षानुवर्षे केले. मांडवात सर्वांच्या आधी येणार आणि सर्वांच्या शेवटी जेवणार. एका रविवारी एक नवरी पडद्यावर थांबवून ते म्हणाले, "आमची मंडळी एकदा म्हणल्ती, माझं बी काढा की, हिरव्या लुगड्यातलं. ऐन लग्नसराई. मी म्हणलो, कॅसेट गिऱ्हाइकाची हाये. उन्हाळा सरायच्या आत ती गेली." त्यांनी पडद्याकडे हात केला. "शेकड्यानं नवऱ्या हायेत माझ्याकडं. ती न्हाई." मग चिठ्ठी काढून दुसरी लावली. मी त्या दिवशी एरवीपेक्षा तासभर जास्त बसलो.

गेल्या हिवाळ्यात ते ताप अंगावर घेऊन गावी गेले आणि परतले नाहीत. हसनाबादला शिक्षक असलेल्या त्यांच्या पुतण्याने फोन केला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धमूर्तीशेजारी आदरांजलीचा फ्लेक्स लावला होता. साऱ्या पंचक्रोशीची चित्रे काढणाऱ्या माणसाचे ओळखपत्रावरच्या फोटोखेरीज दुसरे चित्र सापडले नव्हते, आणि तोच आडवा ताणला होता. काडीसारखे उत्तमराव पैलवान दिसत होते. मी फूल वाहिले, पण वर पाहू शकलो नाही.

"हा फ्लेक्स दुसरा करून घेऊ द्या मला," मी पुतण्याला म्हणालो. "त्यांच्या खोलीत लावायला."

"घ्या ना, काका. आमाला बी खटकतच होतं," तो म्हणाला.

जालन्यातला फ्लेक्सवाला समजावू लागला. "साहेब, फोटो उभा, बॅनर आडवा. न्हाई ताणला तर दोन्ही बाजूंनी मोकळं दिसंल. मंग लोक येऊन भांडतात."

मी कागद मागितला आणि लिहून दिले : 'मूळ छायाचित्राचे प्रमाण बदलू नये. दोन्ही बाजू रिकाम्या राहतील याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून त्याबाबत त्याची कोणतीही हरकत नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

त्याने कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिले. "सगळे शोकाकुल म्हणून आपला फोटो टाकतात. बाजूला तुमचा टाकू का?"

माझ्या तोंडात नकार तयार होता. त्याचा हात माऊसवर थांबला होता.

मी कागद परत घेतला, बाजू रिकाम्या राहण्याचे दुसरे वाक्य खोडले, खोडल्या जागी नियमाप्रमाणे आद्याक्षरे केली आणि पाकिटातून माझा फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला.

"टाका," मी म्हणालो. "पण ताणू नका."