सहा बायांची एक सुमनबाई

सुमनबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी यांना चमच्याने चहा पाजत होते. तिची सून दारातूनच म्हणाली, 'मावशी, आई गेल्या...' आणि तिथंच पायरीवर बसली. सकाळी दुकान उघडताना चक्कर आली आणि आदिलाबादला नेईपर्यंत सगळं आटोपलं. डोक्यात रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला. आदल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, उद्यापासून तुझं उचलायचं वजन वाढवू. असं सांगून कुणी जातं का? तिला जाऊन आता दीड महिना झाला, आणि राग अजून पुरता गेलेला नाही.

जैनथमध्ये आमच्या घरासमोर तिचं किराणा दुकान. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण आमचं अगंतुगंच. तिला साखरेचा त्रास होता. अंगात ताकद राहिली पाहिजे म्हणून नागपूरच्या लेकीनं तिच्या फोनात एक अ‍ॅप टाकून दिलं. कसं वाकायचं, काय उचलायचं ते त्यात दाखवायचे. आज किती उचललं ते लिहायचं, आणि त्यावरची गावोगावची मंडळी एकमेकांना शाबासकी द्यायची. सुमनबाईला वजनं विकत आणायची गरजच पडली नाही. दुकानात ज्वारी होती, काटा होता. पाच किलोची, दहाची, पंधराची थैली अगदी ग्रॅमपर्यंत मोजून तिनं तोंडं शिवली आणि मागच्या पडवीत ओळीनं मांडून ठेवली. साठी उलटल्यावर पैलवान व्हायला निघाली, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढची थैली उचलली.

मग गेल्या वर्षी संक्रांतीनंतर यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. बाजेवरून खुर्चीवर बसवायचं तर मला जमेना. एकदा तर आम्ही दोघंही खाली पडलो आणि सुमनबाईला माझी हाक ऐकू जाईपर्यंत तसेच जमिनीवर पडून राहिलो. मुलगा हैदराबादला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुणी आहे, त्याला मी दोष देणार नाही. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत पाहू, तुला एकटीला बाबांना उठवता आलं तर ठीक, नाही तर तुम्हा दोघांना इकडंच घेऊन येतो. हे ऐकून यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि दोन दिवस घास घेतला नाही. सगळं आयुष्य पैनगंगेकडच्या कापसाच्या वावरात गेलेला माणूस, त्याला तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवायचं म्हणजे... मी कुणाला काही बोलले नाही. पण सुमनबाईला कळलंच.

ती आली आणि तिनं एवढंच विचारलं, 'भाऊजीचं वजन किती हाय वं?'

मला काय माहीत. मग तिनं पोती तोलायचा मोठा काटा दुकानातून आमच्या अंगणात आणवला. शेजारच्या दोघींना बोलावून आम्ही चौघींनी यांना खुर्चीसकट उचलून त्यावर ठेवलं. नंतर रिकामी खुर्ची तोलून ती वजा केली. अठ्ठावन्न किलो. सुमनबाईनं आकडा मोठ्यानं वाचला, जसा गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात, आणि यांना हसू आलं. अर्ध्या तोंडानं का होईना, आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. 'सगळं तुले उचलाचं नाई, शांता. अर्धं ते सोताच्या पायानं उचलतीन. आज पाच किलोची थैली उचल, बाकीचं पाहू.' मी तिची इतकी थट्टा केली होती, पण तिनं ती एकदाही उकरून काढली नाही. मी असते तर नक्की काढली असती.

हळूहळू गल्लीतल्या सहा बाया झालो. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाला नुसती गंमत. फोन एकच, सुमनबाईचा. जी जेवढं उचलेल तेवढं ती त्यात टाकायची. त्यात काही चुकतंय असं आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही. रेशनकार्ड कसं घरात एकच असतं आणि सगळे त्यावर जेवतात, तसंच आम्हाला वाटलं. तिकडं अ‍ॅपवरच्या मंडळींना मात्र ही एकच बाई वाटत होती.

दिवाळीच्या आधी त्या मंडळींचं एक वर्ष पुरं झालं. वर्षभरात कुणाची किती प्रगती झाली याची यादी लागली, आणि जैनथच्या सुमनबाईचं नाव अगदी वरच्या ओळींत. कुठकुठून निरोप आले. तुम्ही खाता काय, असं कुणी विचारलं, तर तिनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी असं सरळ लिहून टाकलं. दोन दिवस ती नुसती हवेत होती. तिसऱ्या दिवशी लेकीनं ती यादी पाहिली आणि फोन करून विचारलं, आई, हे सगळं तू एकटीनं उचललंस?

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, गप्प बस, इथं कोण पाहायला येतंय. त्यावर ती चिडली. रागीट मी, पण तसा राग मलाही कधी आला नव्हता.

'माह्या दुकानात काटा हाय, शांता. मी खोटं वजन सांगू काय?'

तिनं आम्हाला थैल्या हातात देऊन उभं केलं, सुनेला फोटो काढायला लावला आणि खाली मराठीतच लिहिलं: ही एक बाई नाही, आम्ही सहा जणी आहोत, फोन एकच असल्यानं चूक झाली, माझं नाव काढून टाका. मला वाटलं, आता छी-थू होणार. त्यांनी नाव काढलं खरं, पण निरोप आले ते पहिल्यापेक्षाही जास्त. आमच्याही घरात एकच फोन आहे, असं कितीतरी बायांनी लिहिलं. पुढं एका फोनवर अनेकांची वेगवेगळी नोंद करायची सोय झाली. तशी ती झाल्यावर माझं नाव सहा जणींत सगळ्यांत खाली. मी फणफणले. सुमनबाई म्हणाली, तू सुरू कुठून केलं ते पाह्य ना.

दिवाळीला मुलगा आला. मला वाटलं होतं सुमनबाई शेजारी उभी राहील, पण ती घरात आलीच नाही. मी आली तर तू माह्याकडंच पाहाशीन, म्हणाली आणि बाहेर ओट्यावर बसली. मी यांच्या पुढ्यात गुडघ्यात वाकले, यांना अंगाशी घेतलं आणि उठवून खुर्चीत बसवलं. मुलगा दारात उभा होता. म्हणाला, 'आई, राहा तुम्ही इथंच.' बाहेर गेले तर सुमनबाईचे डोळे लाल. फटाक्यांचा धूर गेला म्हणे.

ती गेल्यावर लोक बोललेच. वजनं उचलून मेली, तुमीही बंद करा, असं माझ्या नणंदेनं फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी त्याचा याच्याशी संबंध नाही म्हटलं, तरी आठ-दहा दिवस कुणी थैलीला हात लावला नाही. अखेर सुमनबाईच्या सुनेनंच थैल्या आमच्या पडवीत आणून ठेवल्या. आता आम्ही पाच जणी इथं जमतो, आणि अ‍ॅपवरची मंडळी अजून तिची आठवण काढतात.

पण मला सांगायचं आहे ते तिच्या जाण्याच्या दिवसाचं. तिला आंघोळ घालून, लुगडं नेसवून आम्ही पाच जणींनीच उचलून बाहेर आणलं. मी घरी परतले तेव्हा दुपार कलली होती. हे सकाळपासून बाजेवरच होते. माझ्या अंगात त्राण नव्हतं. तरी वाकले, यांना उठवलं. उभे राहिल्यावर खुर्चीकडं वळवायला लागले, तर हे वळेनात. माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि 'सु... सुमन...' म्हणून हुंदके द्यायला लागले. मग मलाही रडू फुटलं. आदल्या वर्षी असं झालं असतं तर आम्ही दोघंही खाली गेलो असतो. त्या दिवशी मी यांना खुर्चीत बसवायची घाई केली नाही. यांचं रडणं सरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.