आईच्या फ्रीजमध्ये लागलेलं दही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी नगरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की कारण शोधायचं, यावरच माझं पोट चालतं. कारण सापडत नाही, असं साहेबाला सांगायची सोयच नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण कुणाला तरी विचारायलाच हवं.

आम्ही भिंगारला राहतो – मी, बायको वैशाली आणि माझे वडील, आप्पा. आई उन्हाळ्यात गेली. तिच्यामागे आप्पांनी जेवणच टाकलं. रुसवा नाही, उपास नाही... ताट समोर आलं की नुसतं बघत बसायचे आणि बाजूला सरकवायचे. डॉक्टर झाले, सलाईन झालं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि आम्ही बघत होतो.

आईचा जुना फ्रीज मागच्या पडवीत पडून होता. गोल खांद्यांचा, फिकट निळा, एका दाराचा. आम्ही त्यात चपला ठेवायचो! डोकं रिकामं राहू नये म्हणून मी तो दुरुस्तीला घेतला. गंज घासला, रंग मारला, ओळखीच्या मेकॅनिककडून गॅस भरून घेतला. दाराचं रबर तेवढं जुनंच राहिलं, त्या मापाचं कुठे मिळेना. फाटलेल्या जागी आईने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, तो अजून घट्ट होता. फ्रीज सुरू झाला तेव्हा घरघर ऐकून आप्पा कॉटवरून उठून बघायला आले. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

त्या दिवशी वैशालीने त्यात तापवलेलं दूध ठेवलं. सकाळी तिची हाक आली.

"अहो, इकडे या. दुधाचं दही झालंय."

"नासलं असेल."

"नासलेलं असं दिसतं का? विरजण कुणी लावलं?"

कुणीच नाही. घरात विरजण नव्हतंच. आईचं वर्षानुवर्षं चालत आलेलं विरजण दहाव्याच्या गडबडीत कुणीतरी भांड्यासकट घासून टाकलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे दुकानातलं दही.

आप्पांनी बोटाने चाखलं. "तुज्या आईचं हाय हे," म्हणाले. मग वैशालीकडे वळून, "सूनबाई, भात हाय का गं थोडा?"

मी मोरीत जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू.

मग रोजच. मी काय गप्प बसतोय! आत थर्मामीटर ठेवला – चार डिग्री. एवढ्या गारठ्यात विरजण लावूनही दही लागत नाही. भांडं नवं काचेचं घेतलं, दूध दुसऱ्या गवळ्याचं घेतलं. तरी सकाळी घट्ट, वर साय धरलेलं दही. आमच्या नव्या फ्रीजमध्ये तेच दूध मात्र दूधच राहायचं. आप्पा दोन्ही वेळा दहीभात खायला लागले, फाटकापर्यंत चालायला लागले. उठल्या उठल्या विचारायचे, "लागलं का रं?"

"लागलं, आप्पा."

आणि मग माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. रबरातून गार हवा सुटत होती, बर्फ साठत होता. पुण्याच्या जुन्या बाजारात त्या मापाचं रबर मिळालं. मी ते बसवलं, जुनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. दार काय सुरेख बसलं! दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यात दूध होतं.

तेव्हापासून दूधच आहे. भंगारवाल्याकडे गेलो, अख्खा ढीग उपसला, पण माल पुढे गेला होता. नव्या रबराला ट्यूबचा दुसरा तुकडा चिकटवून पाहिला, तरी दूधच. शेवटी शेजारून विरजण आणून दही लावलं आणि आईचं म्हणून वाढलं. आप्पांनी बोट लावलं. "हे तिचं न्हाई," एवढंच म्हणाले आणि ताट सरकवलं. रागावले असते तर परवडलं असतं.

तुम्ही म्हणाल, रबर फाटकं होतं, गारवा कमी पडत असेल. पण थर्मामीटर मी रोज बघत होतो हो... आणि विरजणाशिवाय दही लागतं का कुठे? खरं सांगू, आता मला कारणही नकोय. मला ते दही हवंय.

अजूनही रोज त्यात दूध ठेवतो. आप्पा आता कॉटवरून उठत नाहीत. सकाळी आतून आवाज येतो, तोही बारीक झालाय – "लागलं का रं, संजू?"

मी भांडं हातात घेतो, जरासं कलतं करून बघतो.

दूध हलतं.