देवाच्या खानदानातला बेडूक

चहा हळूहळू प्या बरं, ठसका लागला तर मी जबाबदार नाही! आता माझी फजिती मीच सांगायची म्हणजे…

तेव्हा मी मेडशीच्या शाळेत मास्तर होतो आणि पाद्रीसाहेबांच्या वाशीमच्या शाळेवर माझा डोळा होता. तिथे नोकरी लागली तरच मुलगी देतो, असं होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं.

साहेबांनी मला येशूचं चरित्र वाचायला दिलं. पहिल्याच पानावर अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका! आमच्याकडे दरसाल भाट येऊन घराण्याची वंशावळ गातो, अगदी तसंच. तेवढं वाचून मला झोप लागली.

"वाचलंत?" साहेबांनी विचारलं.

"वाचलं की!" सुरुवात वाचली होतीच ना?

नाताळात साहेब गावाला कंदिलाच्या उजेडात काचेवरची चित्रं दाखवणार होते. सामान आलं, पण साहेबांची बैलगाडी वाटेत मालेगावलाच अडकली. निरोप आला, "तुम्ही सुरू करा, गोष्ट ठाऊक आहेच तुम्हाला."

ट्रंकेत चित्रांच्या दोन पेट्या. त्यातली एक शाळेत विज्ञान शिकवायची आहे, हे मला कुणी सांगायचं? मी दोन्ही ओळीनं लावल्या!

भिंतीवरच्या पांढऱ्या धोतरावर पहिला आला मासा. मी चरकलो. मग बेडूक. मग सरडा. मग माकड! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हीच ती वंशावळ!

मी थेट भाटाचा सूर लावला. "माशाच्या पोटी बेडूक जन्मले, बेडकाच्या पोटी सरडा होऽऽ!" माकड झालं, केसाळ माणूस झाला, आणि दुसऱ्या पेटीतलं गोठ्यातलं बाळ आलं. "या खानदानात देव जन्माले आला!"

वंशावळ ऐकली की भाटाला पसाभर ज्वारी द्यायची, हा आमचा रिवाज. बायाबापड्यांनी माझ्यापुढे ज्वारीचा ढीग घातला!

तेवढ्यात पुढे बसलेले म्हातारे गणाजी पाटील उठले. "मास्तर, मंग देवाच्या अंगात माकडाचं रगत हाये म्हना की!"

"हाये तं!"

"अन् बेडकाचं?"

"तेबी हाये!"

"कायले घेतलं त्यानं हे सारं? वरून नवं कोरं आंग आनता येत नव्हतं काय?"

आता आली का पंचाईत! मी घाईघाईनं पुढची काच शोधायला लागलो.

"नवं कोरं आणलं असतं, तर तो आपला झाला नसता." मागून आवाज आला. साहेब! केव्हाचे दारात उभे होते कोण जाणे. "तो माणूस झाला तो आख्खा झाला, गणाजी. आपलं जुनं रक्त टाकून माणूस कसं होता येईल?"

गणाजींनी मान डोलावली. "मंग आपला लांबचा सोयराच निंगाला!"

साहेब पुढे येऊन धोतराकडे पाहू लागले. "मास्तर, हे असं जोडून मी कधी पाहिलंच नव्हतं. कुठून सुचलं तुम्हाला?"

माझी छाती फुगली. गप्प बसावं की नाही? "तुमच्याच पुस्तकात आहे, साहेब!"

साहेबांनी शांतपणे खिशातून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "तेवढा बेडूक दाखवा. नोकरी तुमची."

गणाजींनी कंदील जवळ धरला. मी पानं चाळायला लागलो. सारा गाव हसत होता, आणि खरं सांगू? मी मोठ्या आशेनं शोधत होतो हो! पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं ते तेव्हाच.

मुलगी? ती सासऱ्यांनी अनसिंगच्या दुसऱ्या स्थळाला दिली.