शिंकेवाली काकी आणि घंटेची खूण

शिंकेवाल्या काकीच्या घरात मृगापासून हस्तापर्यंत भुईवर फक्त माणसं असत. बाकी सगळं आढ्याला टांगलेलं. तांदूळ शिंक्यात, मीठ शिंक्यात, गोधड्या शिंक्यात, वरवंटा शिंक्यात. पाटा तेवढा खाली, कारण तो उचलायला दोन माणसं लागत आणि काकी एकटी. नव्या माणसाला त्या घरात पाच पावलं चालताना तीनदा डोकं आपटून घ्यावं लागे.

मी चौथी शिकलेली, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरवाडीतून महाडच्या खालच्या आळीत सून म्हणून आले. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी काकीकडे विरजण मागायला पाठवलं, तेव्हा ते घर पाहून मी दारातच हसले. तिला काकी म्हणायचं एवढंच मला सांगितलं होतं. बाकी काही सांगितलं नव्हतं.

"काकी, काका असते तर त्यांनाही टांगलं असतंत का हो?"

काकी काथ्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "टांगायला कशाला लागतंय? कामाच्या टायमाला लोंबकळतच असायचे."

मग विरजण दिलं. तेही शिंक्यातून.

काकी काथ्याची दोरी वळायची, शिंकी विणायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची. म्हणून आळीतले लोक म्हणत की म्हातारी धंद्यासाठी पुराची भीती घालते. असं म्हणणारे सगळे तिचंच शिंकं वापरत. दोरी चांगली होती, हे त्यांना मान्य होतं. फक्त ती बाई बरोबर आहे, हे मान्य नव्हतं.

मला ती म्हणाली होती, "तू डोंगरातली ना गो? तुमच्याकडं पाणी वरनं येतं नि निघून जातं. हितं ते राहायला येतं. वरनं तुमचा डोंगर गळतो, खालनं खाडीची भरती लोटते, नि मधे आपण. अवस-पुनवेला मोठी भरती दुपारी असते. त्या दिवशी वरती पाऊस लागला तर जेवण लवकर उरकायचं." ती पंचांग बघत असे ते उपासासाठी नव्हे, भरतीसाठी. एकादशी तिच्या कधी लक्षात राहिली नाही.

आता आळीची जागा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागे सावित्री नदी, पुढे एक पऱ्या, म्हणजे ओढा. पऱ्यावर लाकडी साकव. आळीतून बाहेर पडायला तेवढी एकच वाट. साकव ओलांडला की मारुतीचं देऊळ, आणि देवळामागून चढ, तो शाळेपर्यंत. देवळाच्या मंडपात एक सागाचा खांब होता, त्यावर जुन्या लोकांनी गुडघ्याच्या उंचीवर एक खूण कोरलेली. तिला घंटेची खूण म्हणत. पाणी त्या खुणेला लागलं की गुरवाने घंटा बडवायची आणि आळीने उठून शाळेत जायचं. त्या वेळी साकवावर पाणी घोट्याएवढं असे, म्हणजे पोरंबाळं घेऊन निवांत निघता येई. घंटा झाल्याशिवाय कोणी घर सोडत नसे. घंटेआधी निघणारा माणूस भित्रा, असं ठरलेलं होतं. साधी रीत होती आणि ती करणारे आजच्या लोकांपेक्षा शहाणे होते.

मी आल्यावर दोन वर्षांनी देवळाचा जीर्णोद्धार झाला. मुंबईतल्या गिरण्यांत काम करणाऱ्या आमच्या चाकरमान्यांनी हातभार लावला, आणि काम एका समितीने केलं. समितीचे अध्यक्ष भाऊशेट, ज्यांचं किराण्याचं दुकान आणि घर दोन्ही चढावर होतं. पुराच्या बाबतीत फार धीराचा माणूस. समितीने मंडपाला दगडी जोतं बांधलं, चांगलं दोन हात उंच, पायऱ्या आणि लाकडी कठड्यासकट. जुना खांब काढला, तासला, तेलपाणी केलं आणि नव्या जोत्यावर उभा केला. खूण पुसली जाऊ नये म्हणून तिच्यात लाल रंग भरला. उद्घाटनाला भाऊशेट म्हणाले, "पूर्वजांची खूण आम्ही जशीच्या तशी राखली आहे." टाळ्या झाल्या.

काकी टाळ्या वाजवत नव्हती. तिने कमरेची दोरी काढली, गाठी मारलेली, आणि सगळ्यांसमोर पायरीपासून खुणेपर्यंत मोजू लागली.

"काय गो काकी, मारुतीला शिंकं विणतेस काय?" कोणीतरी ओरडलं.

"भाऊ," काकी म्हणाली, "खूण वर गेली रे."

"काकी, खांब तोच, खूण तीच. फक्त रंग नवा आहे."

"खांब तोच हाय. पण तो आता पाटावर बसलाय. तू मुंडावळ्या बांधून पाटावर बसलास तवा उंच झालास काय?"

लोक हसले. भाऊशेट बुटके होते. हसले नसते तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं, पण एकदा लोक हसल्यावर कुठला अध्यक्ष ऐकतो? ते म्हणाले, "देवाच्या खांबावर शंका नको." तिथे विषय संपला. त्यानंतर काकी महिनाभर ज्याला त्याला सांगत होती की आता घंटा होईल तेव्हा साकवावर छातीभर पाणी असेल. लोक म्हणत, बरं बरं. मीही म्हणाले. मला दिवस गेले होते, उलट्या होत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला तिचा कंटाळा आला होता.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. खुणेची परीक्षा झाली नाही, त्यामुळे समितीचा मान आणखी वाढला. माझा थोरला फाल्गुनात झाला. पुढच्या आषाढात, दिव्याच्या अवसेला, तो चार महिन्यांचा होता.

तीन दिवस वरती पाऊस कोसळत होता. आमच्याकडे सकाळी उघडीपच होती, म्हणून सगळे खुशीत. सासूबाई समया घासत होत्या, मी कणकेचे दिवे वळत होते. नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं झालं होतं आणि परसातल्या केळीपर्यंत आलं होतं. पऱ्या उलटा वाहू लागला होता, म्हणजे खाली भरती लागली होती. पुरुष देवळाच्या जोत्यावर बसून विड्या ओढत खुणेवर लक्ष ठेवून होते. अधूनमधून हाक येई, "अजून खांबालासुद्धा लागलं नाही!" खांबाला कसं लागणार? आधी दोन हात जोतं बुडायला हवं होतं.

काकी ओल्या पायांनी घरात शिरली. हातात भोपळा टांगायचं मोठं शिंकं.

"चला. साकवावर घोटाभर पाणी हाय."

"घंटा झाली नाही," सासूबाई म्हणाल्या.

"घंटा होईल तवा तुम्ही नसाल."

"सणाच्या दिवशी अभद्र बोलू नका. पुरणाला चटका द्यायचाय अजून. दिवे लावायचेत. घंटा झाली की निघू."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. तेव्हा सुनेने बघायची जागा तीच होती. याच्यात माझा काही मोठेपणा नाही, माझं पोर पाळण्यात होतं आणि मी कणकेने हात भरून बसले होते.

काकीने पुढे वाद घातला नाही. पाळण्यातून पोराला गोधडीसकट उचललं, शिंक्यात घातलं, शिंकं खांद्याला अडकवलं आणि दारातून बाहेर पडली. इतक्या सहज, की ती तांब्याभर ताक घेऊन चालली आहे असं वाटावं. सासूबाईंना कळायला दोन क्षण लागले. मग त्या ज्या ओरडल्या, ते मी जन्मात विसरणार नाही.

"अगं ए! पोर नेलं! रांडेने माझा नातू पळवला! धरा हिला!"

हातातली समई तशीच घेऊन त्या मागे धावल्या. त्यांच्यामागे मी, कणकेच्या हातांनी. काकी साठीच्या पुढची, पण चालायला कडक. साकवावर तोवर पोटरीएवढं पाणी झालं होतं. तिने शिंकं डोक्यावर धरलं आणि पलीकडे गेली. थोरला आत मजेत होता, त्याला पाळणाच वाटला असावा.

आता आमच्या आळीचं एक सांगते. पुरासाठी आमची आळी हलत नसे, पण भांडणासाठी हले. सासूबाईंचा आवाज ऐकून घराघरांतून माणसं बाहेर आली. पुरण घाटणाऱ्या बायका पळ्या घेऊन आल्या. म्हातारे काठ्या टेकत आले. ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांना ऐकू गेलेल्यांनी बोलावलं, कारण एकट्याने भांडण बघण्यात काही मजा नसते. लंगड्या आजोबांना तर त्यांच्या दोन सुनांनी उचलून आणलं. ते वाटेत विचारत होते, "सुरू झालं काय? मारामारी झाली काय?" सगळी आळी साकवावरून, देवळावरून, चढावर. पुढे काकी, मागे शिव्या. जोत्यावरचे पुरुषही विड्या टाकून मागे आले. आमचे हे त्यांच्यातच होते. मला वाटेत विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "तुमचं पोर भोपळा झालं."

शाळेच्या पडवीत काकी थांबली. शिंकं उतरवून सासूबाईंच्या पुढ्यात धरलं.

"घ्या तुमचा नातू. आता द्या शिव्या, पोटभर."

सासूबाईंनी दिल्या. त्या अर्ध्यात असताना कोणीतरी खाली बोट दाखवलं. साकव दिसत नव्हता. त्याचे कठडेही दिसत नव्हते. पऱ्या आणि नदी एक झाली होती आणि आमच्या आळीची कौलं तेवढी पाण्यावर होती. तेवढ्यात देवळातून घंटा सुरू झाली, जोरात. गुरव आणि भाऊशेट खांबाजवळच थांबले होते. पाणी लाल रंगाला लागलं होतं, आणि गुरवाने आपलं काम चोख केलं होतं.

लंगडे आजोबा म्हणाले, "घंटा झाली. चला, निघू या."

कोणी हसलं नाही. काकी हसली. एकटीच.

गुरव आणि अध्यक्षांना संध्याकाळी होडीने देवळाच्या छपरावरून उतरवलं.

पाणी तिसऱ्या दिवशी ओसरलं. आळीतल्या निम्म्या घरांच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या. काकीचं घर तर छपरासकट गेलं. तिने भुईवर काही ठेवलं नव्हतं, सगळं आढ्याला, आणि आढंच नदीने नेलं. मागे फक्त पाटा उरला. काकी त्यावर बसून म्हणाली, "एवढाच उचलता आला नाय, तेवढाच राहिला बघ." मी तिचं शिंकं धुऊन परत द्यायला गेले होते. तिच्या घरातली तेवढीच एक वस्तू शिल्लक होती. तिने घेतलं नाही.

"ठेव तुला. पाऊस गेला की वाळव, नि टांग."

महिन्याने तालुक्याचे साहेब आले. पायातले बूट हातात घेऊन त्यांनी आळी पाहिली आणि बूट घालून भाषण केलं. वेळेवर घंटा वाजवून सबंध आळीचे प्राण वाचवल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. भाऊशेटना शाल मिळाली, गुरवाला नारळ मिळाला, खांबाला हार मिळाला. काकी मागे उभी होती. शेजारच्या बाईने तिला कोपर मारून म्हटलं, "काकी, तुझं नाव घ्यायला हवं होतं." काकी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "माझं नाव हिच्या सासूनं घेतलं ना, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं."

ते खरं होतं. सासूबाईंनी तिला मरेपर्यंत पोरचोर म्हटलं. नातू वाचला तो मारुतीमुळे, असं त्यांचं मत होतं.

काकीला घर उरलं नाही. वर डोंगरात, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत तिची भाची दिली होती, तिकडे ती निघाली. जायच्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, तिने देवळात जाऊन कोयत्याने जोत्याच्या दगडाशेजारी, पहिल्या पायरीच्या कठड्यावर एक खाच पाडली. लाल खुणेच्या बरोबर दोन हात खाली. कठडा लाकडाचा होता, म्हणून जमलं. मी पाहिलं आणि ओरडले नाही. माझा वाटा एवढाच.

"हिच्याकडं बघत जा गो," ती म्हणाली. "घंटेकडं पुरुषांना बघू दे."

मग ती डोंगर चढून गेली. पुढे चार-पाच वर्षांनी तिकडेच वारली, चैत्रात, जेव्हा त्या वाडीत बायका पाण्यासाठी मैलभर झऱ्यावर जातात. मी गेले नाही. निरोपच दहा दिवसांनी आला.

समितीने खाच म्हणजे देवळाची विटंबना ठरवली. दर वर्षी पावसाळ्याआधी तिच्यात लांबीचा लगदा भरून रंगवतात, आणि दर वर्षी पावसात तो लगदा निघून पडतो. पुढच्या प्रत्येक पुराला आळीतल्या बायका खाचेला पाणी लागलं की पोरं उचलून निघत. सगळ्यांत पुढे सासूबाई असत. कुठे चाललात विचारलं तर म्हणत, "शाळेजवळ जरा काम आहे."

माझा थोरला आता नोकरी संपवून घरी असतो. त्यालाच समितीचं अध्यक्ष केलं आहे. गेल्या वर्षी देवळाला फरशी बसवायची ठरली, तेव्हा तो मला समजवायला आला. लाकडी कठडा काढायचा, स्टीलचा बसवायचा, खुणेचा खांब काचेत ठेवायचा.

मी म्हटलं, "काढ. पण त्याआधी ते आढ्यावरचं शिंकं उतरव, मला त्यात घाल आणि शाळेपर्यंत नेऊन दाखव. माझं वजन आता फार नाही. तुला नेलं तेव्हा साकवावर पाणी होतं, मला तर तुला कोरड्यातूनच न्यायचंय."

त्याने आढ्यावरच्या शिंक्याकडे पाहिलं. मग उठून गेला.

फरशी झाली. कठडा लाकडाचाच आहे.