पिंजरे सुकवणारा तोर्ग्नी

तोर्ग्नी हुल्टमार्क पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला, तो एका परक्या माणसाच्या गाडीच्या डिकीत डोकं खुपसून पिंजरे हुंगताना. मी हेर्शेन गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ऑगस्टातली दुपार होती आणि संध्याकाळपासून क्रेफ्ते धरायला मोकळीक मिळणार होती. तळ्याच्या धक्क्यावर निम्मं गाव जमलं होतं.

"ओले आहेत," तोर्ग्नी म्हणाला.

"अरे, सकाळी नळाखाली धुतलेत!"

"नळाच्या पाण्याला शेवाळाचा वास येत नाही."

एवढं बोलून त्याने पिंजरे काखोटीला मारले आणि चालू लागला. गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "कोण हा? पोलीस?"

"नाही," मागून कुणीतरी हसत म्हणालं, "सॉनावाला."

क्रेफ्ता म्हणजे शेवंडीचं गोड्या पाण्यातलं धाकटं भावंड. आमच्या तळ्यातले क्रेफ्ते इथलेच, काळपट तपकिरी, नांगीच्या खालच्या अंगाला लाल. पलीकडच्या मोठ्या तळ्यात मात्र अमेरिकेहून आणून सोडलेले आहेत. ते आपल्याबरोबर एक मरी बाळगतात. त्यांना स्वतःला तिने सहसा काही होत नाही, पण आमच्या क्रेफ्त्यांतला एकही वाचत नाही. ओल्या जाळीतून, ओल्या बुटांतून, माशाच्या अंगावरच्या चिकट्यातून ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. नीट सुकवलं की संपते. म्हणून गावाने एक रीत पाडून घेतली होती. हंगामाआधी सगळ्यांनी आपापले पिंजरे तोर्ग्नीच्या सॉनात, म्हणजे लाकडं पेटवून तापवायच्या न्हाणीघरात, आणून द्यायचे आणि तो ते खडखडीत वाळवून परत देणार.

तोर्ग्नी लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. लग्न केलं नव्हतं. शेजारच्या घरात त्याची बहीण वाल्बोर्ग आणि तिचा नवरा येर्केर राहत. तिघांत सॉना एकच, आणि ऑगस्टभर तो पिंजऱ्यांनी भरलेला.

"पिंजऱ्यांना घाम आणायचा आणि आपण बादलीत अंघोळ करायची," वाल्बोर्ग म्हणायची. "बाई, तुम्हीच सांगा याला."

"पाठही चोळून देतोस का रे त्यांची?" येर्केर विचारायचा.

"तुझ्यापेक्षा स्वच्छ असतात," तोर्ग्नी म्हणायचा. एवढाच त्याचा विनोद, दरवर्षी तोच. आम्हीही दरवर्षी हसायचो.

आमिषाचाही नियम त्यानेच घालून दिला होता. मासे याच तळ्यातले हवेत, नाहीतर बरेच दिवस बर्फात गोठवून ठेवलेले. येर्केर रोज सकाळी धक्क्यावर गळ टाकून बसायचा, त्यामुळे आमिष आणायचं काम त्याच्याकडे. मी रुजू झाल्याला काही वर्षं झाली असतील, त्या वर्षीही त्याने बादली आणून ठेवली. तोर्ग्नीने विचारलं, "तुझे पिंजरे सुकले?" येर्केर म्हणाला, "केव्हाच." तोर्ग्नीने मासे कापले, पिंजऱ्यांत अडकवले, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाण्यात सोडले. क्रेफ्ते भरपूर सापडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाल्बोर्गच्या अंगणात जेवण होतं. कागदाचे कंदील, डोक्यावर कागदी टोप्या, फुललेल्या शेपूचे तुरे घालून मिठाच्या पाण्यात उकडलेले लालभडक क्रेफ्ते. दोन गाणी झाली, दोन पेले झाले. येर्केर रंगात आला होता.

"इथे आठवडाभर मासा गळाला लागेना," तो म्हणाला. "शेवटी मोठ्या तळ्यावर गेलो. तिथे नुसती झुंबड! अर्ध्या तासात बादली भरली."

तोर्ग्नी एक नांगी फोडत होता. त्याने ती ताटलीत ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली, एकेक करून. मी त्याच्या समोर बसले होते.

"कधी गेलास?" त्याने विचारलं.

"परवा. का?"

"काही नाही."

तेवढ्यात कुणीतरी तिसरं गाणं उचललं. तोर्ग्नीनेही म्हटलं, सगळी कडवी. पिंजरे पाण्यातून निघाले होते, आमिषाचा चिकटा तळ्यात मिसळला होता. आता करण्यासारखं काही नव्हतं.

सप्टेंबरात क्रेफ्ते भरदिवसा बाहेर आले. एरवी ते अंधाराशिवाय दगडाखालून निघत नाहीत. पाय ताठ करून, काठ्यांवर चालल्यासारखे उथळ पाण्यात चालायचे आणि उताणे पडायचे. तोर्ग्नी गिरणीतून सुटला की दाताळं घेऊन यायचा, मेलेले काठावर ओढायचा आणि खड्ड्यात पुरायचा. मी एकदा कॉफी घेऊन गेले. ती पिऊन त्याने कप खळबळून परत दिला.

मासेमारी मंडळाची बैठक माझ्याच वर्गात भरली. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसली होती.

"कुणाच्या पिंजऱ्यातून आली ही मरी?" एकाने विचारलं. "नाव कळू दे तरी."

येर्केर तोर्ग्नीच्या शेजारी बसला होता. तो बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत होता.

"पिंजऱ्यातून नाही," तोर्ग्नी म्हणाला. "आमिषातून. मासे बाहेरचे होते. मी कापले."

"तू? जगाचे पिंजरे हुंगत फिरतोस तो तू?"

"मी विचारलं नाही, कुठले म्हणून."

त्याने एवढंच सांगितलं. मला बादलीची गोष्ट माहीत होती, त्या जेवणाला असलेल्या सगळ्यांनाच माहीत होती. येर्केर काही बोलला नाही. मग आम्हीही बोललो नाही.

पण एक आशा होती. क्रेफ्तेच उरले नाहीत, तर मरीही त्या पाण्यात टिकत नाही. मग दुसरीकडून इथल्याच जातीचे आणून पुन्हा सोडता येतात. तोर्ग्नी काही निरोगी क्रेफ्ते मिळवून पिंजऱ्यात घालायचा आणि धक्क्याखाली बुडवून ठेवायचा, जगतात का ते बघायला. मधल्या काळात लोकांचा धीर सुटत चालला.

"अमेरिकन सोड आणि मोकळा हो," गिरणीतले म्हणायचे. "चवीत काय फरक?"

"थांबा जरा," तो म्हणायचा.

एका हिवाळ्यानंतर पिंजऱ्यातले सगळे जिवंत निघाले. वसंतात नवे क्रेफ्ते सोडायचं ठरलं. परवानगी आली. वाल्बोर्गने केक केला.

त्याआधी सहज म्हणून तोर्ग्नीने तळ्यात एक पिंजरा टाकला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्या दारात आला. ओल्या तळहातावर एक क्रेफ्ता होता, गुबगुबीत, नांगीच्या सांध्यावर पांढरा ठिपका. आमच्या क्रेफ्त्यांना तसा ठिपका नसतो.

"बाई," तो म्हणाला, "कुणीतरी सोडलेत."

"कुणी?"

"काय करायचंय कळून?"

दारात उभा राहून त्याने तो बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्याकडे वर्तमानपत्र मागितलं, त्यात गुंडाळला आणि घेऊन गेला. अमेरिकन एकदा पाण्यात आले की निघत नाहीत, आणि त्यांच्याबरोबरची मरीही. नव्यांची मागणी त्याने स्वतः फोन करून रद्द केली.

आता तो निवृत्त झाला आहे. येर्केर रोज सकाळी कॉफीला त्याच्याकडे येतो. दोघं हवामानावर बोलतात. धक्क्यावर अजूनही ऑगस्टात गर्दी होते, कंदील लागतात, पण पिंजरे सुकवायला आता कुणी आणत नाही. शनिवारी दुपारी तोर्ग्नी सॉना तापवतो आणि आत एकटा बसतो. ऑगस्टातही.