जुन्या कपड्यांतून गेलेली देवी

आमच्या घरची कुलदेवता मी पूरग्रस्तांसाठीच्या जुन्या कपड्यांत देऊन टाकली. मुद्दाम नव्हे, मुद्दाम एवढं मोठं काही करण्याची माझी कुवत नाही.

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता गोदावरी अशी चढली की घाटावरचा उंच दुतोंड्या मारुतीही दिसेनासा झाला आणि नदीकाठची कितीतरी घरं उघड्यावर आली. आम्ही इंदिरानगरात, नदीपासून लांब, कोरडे. आमच्याकडे वेगळाच पूर होता. पितृपंधरवड्यात रंगारी मोकळे असतात, तेव्हा नवरात्राआधी घर रंगवून घेऊ, ही माझीच शक्कल. देव्हारा भिंतीवरून उतरला. बाकीचे देव बायकोने शेजारच्या काकूंकडे मुक्कामाला पाठवले, पण सप्तशृंगीचा टाक, म्हणजे देवीची मूर्त उमटवलेला चांदीचा छोटा पत्रा, तिने आपल्या एका जुन्या मऊ साडीत गुंडाळून पलंगावर ठेवला. "घरात कोणीतरी जबाबदार माणूस हवं ना," असं म्हणाली आणि माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

दुपारी कॉलनीतली मंडळी कपडे गोळा करायला आली. बायकोने दाराशी गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. मला फक्त ते उचलून द्यायचं होतं. पण मला दानाचा झटका आला. एवढंसं काय द्यायचं, म्हणून पलंगावर दिसेल ते मी त्यात कोंबलं. त्यात माझी ऑफिसची इस्त्रीची पँटही गेली. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता. तो दोन दिवस टिकला.

दोन रात्री आम्ही बाहेरच्या खोलीत झोपून काढल्या. रंग वाळला, देव्हारा भिंतीवर चढला, काकूंकडचे देव परत आले. बायको म्हणाली, "अहो, पलंगावरची देवी आणा." मी पलंगाकडे पाहिलं. पलंग रिकामा होता. "आणतो," म्हणालो आणि थेट स्कूटर काढली. गेली कित्येक वर्षं मी पूजा करत होतो ती एक डोळा घड्याळावर ठेवून. आपलं हे ताम्हनातलं पाणी कुणापर्यंत पोचतं का, याची मला शंकाच होती. त्या दिवशी मात्र रस्ताभर मनापासून धावा केला. आता देवीच हरवल्यावर धावा करायचा कोणाचा? तिचाच केला.

पूरग्रस्तांना नदीपलीकडच्या एका शाळेत ठेवलं होतं आणि कॉलनीतले कपडेही तिथेच गेले होते. आमच्या कॉलनीतल्या बायका रोज पोळ्या लाटून द्यायच्या आणि मी त्या पोचवायचो, त्यामुळे वर्ग ओळखीचे होते. शेवटच्या वर्गात, एका बाकावर, उपड्या ताटलीवर आमची देवी बसली होती. आमचीच. चिंचेने घासताना माझ्याच हातून ती मोरीत आपटली होती, त्याचा पोचा तिच्या नाकाशी होता. समोर एक म्हातारी खिचडी खात होती, सावकाश, एकेक घास देवीला दाखवून.

तिची सून म्हणाली, "आत्याबाईंचे देव पुरात गेले, दादा. झेंडूचा मळा गेला त्याचं नाय, पन देव गेले म्हनून अन्न सोडलं व्हतं. देवाला दाखवल्याबिगर घास नाय, म्हने. लय इनवलं. डाक्टरबी थकला. परवा साडी उलगडली, तर आतून ही आली."

"कोनाची तरी चुकून आली," म्हातारी म्हणाली. "घरचा मानूस येईल शोधत. आला की देऊन टाकीन."

"आणि मग?"

"मंग काय, पुन्ना नुसतं पानी." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुमची का, दादा?"

मी "नाही" म्हणालो. ज्या देवीपुढे माझ्या बापजाद्यांनी डोकं टेकलं, तिच्या तोंडावर सांगितलं की ही बाई माझ्या ओळखीची नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायको आधी गप्प झाली आणि मग अजिबात गप्प राहिली नाही. "उचलून आणायची! विचारत कसले बसलात?" दुसऱ्या दिवशी पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ती स्वतः स्कूटरवर मागे बसली. मी म्हटलं, आता हिच्यापुढे कळीकाळाचं चालणार नाही.

म्हातारी जेवतच होती. बायको दारात उभी राहिली. एक घास देवीला दाखवून मग तोंडात गेला, तो तिने पाहिला. म्हातारीने वर पाहिलं. "तुमची का, बाई?"

"नाही हो आजी. आमची घरी आहे," बायको म्हणाली. मग उगाचच, "दसऱ्याची फुलं मात्र आमच्याकडे आणायची हं," असं बजावून पत्ता दिला. बाहेर आल्यावर पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "सुपारी घ्या वाटेत. घटावर बसवायला काहीतरी लागेल ना?"

ते नऊ दिवस मी सुपारीची पूजा केली. घड्याळ न बघता केली. समोर देवी नव्हती, आणि इतकी वर्षं ती समोर असताना मला जे जमलं नाही ते तेव्हा जमलं: मी काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणायचो, की आई, तू जिथे आहेस तिथे त्या म्हातारीला जेवू घाल. आमचं आम्ही बघतो. आपण देवाला सांभाळतो, हा माझा समज त्या सुपारीने मोडला. तिला जायचं होतं, ती गेली. मी फक्त गाठोडं उचलून देणारा.

दसऱ्याला घट उठले आणि दारात म्हातारी उभी. सोबत मुलगा, त्याच्या डोक्यावर टोपलीभर झेंडू. मळ्याचा वरच्या अंगाचा एक वाफा वाचला होता. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि नाकाशी पोचा असलेली देवी बायकोच्या ओंजळीत ठेवली.

"पोरगा गडावर जाऊन नवी घेऊन आला. आता माझी मला, तुमची तुमाला."

"पण आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"ज्या साडीतून देवी आली, तिचंच पोलकं घालून तुमी आला व्हता, बाई. दादांचं तर आदल्या दिवशी तोंडावरच लिवल्यालं व्हतं. म्हनलं, दोघं माझ्या घासासाठी खोटं बोलत्यात, तर जेवून घ्यावं."

बायकोने तिला वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. उठताना वाटलं, आता दोन बरे शब्द आपल्याही वाट्याला येतील. म्हटलं, "आजी, चूक माझीच. मी जरा धांदरटच आहे."

"तर!" म्हातारी बायकोला म्हणाली. "शान्या मानसाच्या हातून देव सुटतोय व्हय, बाई? त्याला असाच येंधळा लागतो."