क्रमांक पाचचा चौकोन

शालिग्राम इंगळे खामगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिक्षण सातवीपर्यंत. बोटं कायम काळी. छापखान्याला जर्मनीहून यंत्रांविषयी पत्रं यायची, त्या पाकिटांवरची तिकिटं ते मालकाकडून मागून घेत आणि घरी पाण्यात भिजवून अलगद सोडवत. या तिकिटांमुळेच १९६१ साली ते आमच्या टपाल तिकीट मंडळाचे पाचवे सभासद झाले.

मंडळाचे चिटणीस माझे पती किसनराव. सभासद सात, सात गावचे नसले तरी चार-पाच गावचे होतेच. त्यामुळे मंडळ म्हणजे एक फिरती वही. प्रत्येक पानावर चौकोन आखलेले, चौकोनात प्रत्येकाची इतरांना देण्याजोगी तिकिटं चिकटवलेली. वही खामगावातल्या आमच्या घरून निघायची, एसटीने पिंपळगाव राजाला, तिथून नांदुऱ्याला, मलकापूरला, आणि सगळ्यांत शेवटी लोणारला पोचायची. नियम एकच. तिकीट काढून घेतलं, की रिकाम्या चौकोनात सही आणि तारीख टाकायची. चौकोन मीच आखत असे आणि पहिल्या पानावरची सभासदांची नावंही माझ्याच अक्षरात होती, एकेका चिठ्ठीवर लिहून एकेका चौकोनात चिकटवलेली.

चौसष्टच्या उन्हाळ्यात शालिग्राम शेवटच्या पानावर वेगळंच काही चिकटवू लागले. छापखान्यात जुळवलेल्या नोकरीच्या जाहिरातींची कच्ची छपाई. जाहिरात पेपरात आल्यावरच ते ती लावत, पण पेपर खेड्यात पोचतो कुठे?

मला ते आवडलं नव्हतं. जो तो जाहिराती उतरवून घेत बसे आणि वही आठ-आठ दिवस उशिरा परत येई. तिकिटांच्या वहीत नोकऱ्या नसाव्यात, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

१९ जुलै १९६४, रविवार. आमच्या घरी बैठक बसली. नांदुऱ्याचे उत्तमराव अध्यक्ष होते, कापसाचे व्यापारी. मंडळ त्यांनीच काढलेलं. चहाचा कप खाली ठेवण्याआधीच त्यांनी सुरुवात केली.

"तुह्या नोकऱ्या कोणी मागितल्या बे? हे मंडळ हौशी लोकायचं आहे."

"बे म्हणू नका," शालिग्राम म्हणाले. "वहीत मी क्रमांक पाच आहे. गावात मी काय आहे, ते तुम्हाले माहीत आहे. वहीत तरी पाच राहू द्या."

आठ वर्षांपूर्वी इंगळ्यांच्या सगळ्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला होता. ते काय म्हणत होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. कोणी वर पाहिलं नाही.

"पाच राह्य ना," उत्तमराव म्हणाले. "पण ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्यानं तिकिटं कायले जमा करावं?"

"तिकिटं चाटून तुमचंही पोट भरत नाही, उत्तमराव."

लोणारचे मोतीराम, दोन बस बदलून आलेले, इतका वेळ वही चाळत होते. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हा चौकोन रिकामा कसा? इथं काय होतं?"

"जकात नाक्यावरच्या कारकुनाची जागा," शालिग्राम म्हणाले. "मॅट्रिक पास पाहिजे होता."

रिकाम्या चौकोनात ठसठशीत सही होती. उत्तमरावांची, तारखेसकट. इतक्या वर्षांची सवय. पुतण्यासाठी जाहिरात सोडवून घेतली आणि हात आपोआप सहीला गेला. पुतण्या महिन्याभरापूर्वीच नाक्यावर रुजू झाला होता.

"मग?" उत्तमराव म्हणाले. "घेतलं तर सही करा, असा नियम आहे. केली. चोरी केली काय?"

"माहा भाऊ मॅट्रिक होऊन दोन वरसं झाले घरी बसून आहे," मोतीराम म्हणाले.

"मंग मत दे ना याच्या बाजूनं."

मोतीरामांनी वही मिटली. "नाही देत. माह्यापर्यंत येता येता उष्टंच राहते. मले दिसत नसन, तर कोणालेच दिसू नये."

जाहिराती बंद, पाच विरुद्ध दोन. ते मला पटलं असतं. पण उत्तमरावांनी लगेच दुसरा ठराव मांडला. मंडळात धंदा आणल्याबद्दल क्रमांक पाच यांचं नाव कमी करावं. तोही मंजूर झाला. या वेळी विरोधात हात एकच वर होता, शालिग्रामांचा. पहिल्या ठरावाला त्यांच्या बाजूने असलेला दुसरा हात किसनरावांचा होता. तो आता मांडीवर होता.

नाव कमी केल्याचं पत्र मी लिहिलं. किसनरावांचं अक्षर वाईट होतं, आणि मी नाही म्हणाले नाही.

२ ऑगस्टला शालिग्राम आमच्या दारात आले. मी आत या म्हटलं, ते आले नाहीत.

"पत्र तुमच्या हातचं आहे," ते मला म्हणाले. "अक्षर ओळखलं. एक चूक नाही त्यात."

किसनराव बाहेर आले, तसे शालिग्राम त्यांच्याकडे वळले.

"वही आणा. माही तिकिटं न्याची आहेत."

मी वही दिली. ओट्यावर बसून त्यांनी आपली तिकिटं एकेक करून सोडवली. प्रत्येक रिकाम्या चौकोनात सही केली, तारीख टाकली. घाई अजिबात नव्हती. मग त्यांनी पहिलं पान उघडलं. क्रमांक पाचच्या चौकोनातली, मी लिहिलेली त्यांच्या नावाची चिठ्ठी त्यांनी थुंकी लावून ओली केली, नखाने कडा उचलली आणि ती न फाटता सोडवून खिशात टाकली.

"घेतलं तर सही करा," ते किसनरावांकडे बघत म्हणाले आणि तिथेही सही केली.

पुढे तीस वर्षं ते खामगावातच राहिले. बाजारात आम्ही समोर दिसलो की रस्ता बदलत. मीही कधी हाक मारली नाही. उत्तमरावांनी त्या चौकोनात नव्या सभासदाचं नाव चिकटवायला दोनदा निरोप पाठवला. किसनराव गोंदाची बाटली घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, तुम्ही लिहा, तुम्ही चिकटवा. त्यांनी ते केलं नाही. वही माझ्याकडे आहे. क्रमांक पाचमध्ये नाव नाही, सही आहे.